उकंडरावचं बिनकामाचं पोरगं

आमच्या आखाडा बाळापुरात उकंडरावइतका नम्र माणूस झाला नाही, आणि नम्रपणानं दुसऱ्याचा जीव एवढा खाणाराही झाला नाही. त्याच्या दारात बैलजोडी अशी होती की पोळ्याला सगळा गाव वळून बघायचा. जोडीची नावं होती मरतुकड्या आणि लंगड्या. एखादा पाहुणा सहज बोलून जायचा, "काय जोडी हाय हो मालक!" की उकंडरावचं तोंड कडू व्हायचं.

"कशाची जोडी? फुकट देतो म्हणलं तरी कुणी नेऊन न्हाई राहिलं."

पाहुणा नवा असला तर बिचारा खरंच हळहळायचा. जुना असला तर हसायचा. आम्हा गावकऱ्यांना त्याचं बोलणं उलटं करून वाचायची सवय होती, जशी आरशातली अक्षरं वाचावीत. हिंगोलीच्या मोंढ्याच्या बाजारातसुद्धा हे माहीत होतं. उकंडराव गाडीवरून उतरून म्हणाला, "कचरा आणलाय हळदीचा, बघा कुठं टाकता तो," की आडत्याचे कान टवकारायचे. एका साली त्याची हळद खरंच किडकी निघाली, आणि त्यानं खरं तेच सांगितलं. आडत्यानं न बघता उचलली. नंतर तो आडत्या आमच्याकडं येऊन म्हणाला, "हा माणूस धोकेबाज हाय." मी म्हणालो, "बरोबर. आज पहिल्यांदा खरं बोलला."

मी शेषराव. उकंडरावच्या भिंतीला भिंत लागून माझं घर. आम्ही शाळेत एकाच फरशीवर बसलो. निजामाच्या राज्यातली शाळा ती; मास्तर उर्दूत मारायचे, आम्ही मराठीत रडायचो. चौथीच्या पुढं शाळा नव्हती, म्हणून आमची विद्वत्ता तिथंच पूर्ण झाली. पुढं जे काही शिकलो ते लोकांच्या लग्नात, मयतीत आणि एसटीच्या फाट्यावर. तेव्हा मी जे लिहितोय त्यात शाळेचा काही दोष नाही.

उकंडराव असा का, याचं कारण त्याच्या नावातच आहे. त्याच्या आईची आधीची लेकरं टिकली नव्हती. हा जन्मला तेव्हा सुईणीनं याला उचललं, गावाबाहेरच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं, आणि दुसऱ्या बाईनं "कुणाचं हे टाकलेलं पोरगं?" म्हणत उचलून परत आईच्या पदरात घातलं. सटवाईला वाटावं, हे टाकाऊ आहे, याच्यावर नजर ठेवून काय मिळणार? नाव पडलं उकंडा. फसली म्हणा, नाहीतर सटवाईला दुसरी कामं असतील म्हणा, पोरगं जगलं. चांगलं दांडगं जगलं. म्हाताऱ्या आईनं त्याला एकच धडा दिला: आपल्या चांगल्या गोष्टीला कधी चांगलं म्हणायचं नाही. शाळेतला एकही धडा त्यानं लक्षात ठेवला नाही, हा मात्र एकही दिवस विसरला नाही.

आणीबाणीच्या काळात लोक म्हणायचे, खरं बोलायची बंदी आली. उकंडरावला तिची काडीची तकलीफ झाली नाही. तो आधीपासूनच आपल्या मनानं पाळून राहिला होता.

त्याला एकच लेकरू. शाळेच्या दाखल्यावर नरसिंग, घरात दगडोबा. दगडाला कोण नजर लावणार? हे दगडोबा मात्र भलतंच चकाकायला लागले. बाळापूर संपलं, कळमनुरी संपली, परभणी झाली, औरंगाबाद झालं, आणि पोरगं हैदराबादकडच्या एका वेधशाळेत जाऊन बसलं. पहिला आला, दुसरा आला, बक्षीस मिळालं, अशा बातम्या यायच्या. मी पेढे मागायला जायचो. उकंडराव म्हणायचा, "पेढे कशाचे? मास्तरलाच काही येत नसंल, म्हणून हे पहिलं आलं."

नरसिंग सुट्टीला आला की मी खोदून खोदून विचारायचो, तिकडं करतोस तरी काय. तो पोरगा बापासारखा नव्हता, सरळ सांगायचा. "काका, आभाळात लई लई लांब काही दिवे हायत. क्वेसार म्हणतात त्याला. एवढे लांब, की त्यांचा उजेड निघाला तवा आपली पृथ्वीबी झाली नव्हती. तो उजेड इथवर येताना मधी वायूचे ढग लागतात. त्या ढगांना स्वतःचा उजेड न्हाई, ते कुणालाच दिसत न्हाईत. पण प्रत्येक ढग त्या उजेडातला थोडा रंग खातो. आमी उजेडाची पट्टी काचेवर उतरवून घेतो. जिथं रंग खाल्ला तिथं काळी रेघ पडते. रेघा मोजल्या की ढग कुठं कुठं हायत ते कळतं. त्याच्यावरून साऱ्या विश्वाचा नकाशा काढता येईल म्हणतात. आत्ता कुठं सुरुवात हाय."

मला त्यातलं अर्धं कळलं. बाकीचं अर्धं कळल्यासारखं मी तोंड केलं; ते मला चांगलं जमतं.

पण फाट्यावर कुणी उकंडरावला विचारलं, "पोरगं काय करतं?" की त्याचं उत्तर ठरलेलं. "काय करावं त्यानं? रेघा मोजतं. त्याबी काळ्या. उजेड हाय तिथं बघत न्हाई, न्हाई तिथं डोळे फाडून बघतं. रात्री जागतं, दिवसा झोपतं. घरी हेच करत होतं, फक्त सरकारनं आता पगार लावलाय."

फाट्यावर हशा व्हायचा. आमच्या हशात काही नुकसान नव्हतं. आम्ही उलटं वाचणारी माणसं. पण फाट्यावर एसटी थांबायची, एसटीत परगावची माणसं असायची, आणि परगावच्या माणसाला उलटं वाचायला कोण शिकवणार?

पोराचं लग्न ठरेना. एका ठिकाणचे लोक आले, चहा प्याले, गेले, आणि निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती. दुसरे आले ते बैलांची तारीफ करून गेले. त्यांना निदान बैल तरी पसंत पडले. तिसऱ्यांनी फाट्यावरच चौकशी केली आणि तिथूनच परतीची एसटी धरली. घरचा चहासुद्धा वाचवला. गावच्या हिशेबानं नरसिंगचं वय टळून गेलं होतं. उकंडरावची बायको कमलबाई, बोलायला गोड बाई, पण तिचा आवाज त्या दिवसांत चुलीच्या फुंकणीसारखा झाला होता.

मग हट्ट्याचं स्थळ आलं. व्यंकटराव, वसमतकडचे जमीनदार, हळद-ऊस करणारे. त्यांची मुलगी शालू, मॅट्रिक झालेली. नरसिंग बघायला गेला, मी बरोबर होतो. आमच्यापुढं सुशीलाच्या, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांच्या, बशा ठेवल्या. रीतीप्रमाणे मुलीला नाव विचारायचं, स्वयंपाक येतो का विचारायचं. इथं झालं उलटंच. मुलीनंच विचारलं, "तुमी तिथं बघता काय?" आणि आमच्या दगडोबाला कंठ फुटला. तो बोलत राहिला, ती ऐकत राहिली, चुरमुरे बशीत गार पडत राहिले. व्यंकटराव मला हळूच म्हणाले, "पाव्हणं, मुलीला काही विचारायचं हाय का न्हाई?" मी म्हणालो, "जरा थांबा, ते अजून पृथ्वीवर आले न्हाईत."

परत येताना नरसिंग एसटीत एवढंच बोलला, "काका, हीच. हे जमलं न्हाई तर पुन्हा कुणाच्या घरी सुशीला खायला मला नेऊ नका." दगडच तो, बोलला ते पक्कं.

कमलबाईनं त्याच दिवशी नवऱ्याला बजावलं. "हट्ट्याचे लोक चौकशीला येतील. तुमी तोंड उघडायचं न्हाई."

"मी काय वाईट बोलतो?"

"तुमी चांगलं बोलत न्हाई, तेवढं पुरं हाय!"

आता व्यंकटरावांची चौकशी. हा माणूस बैल घेतानासुद्धा बैलाच्या आजीची माहिती काढायचा. सोयरिकीत तर तो एका माणसावर कधीच विसंबला नाही. त्यांनी तिघांना कामाला लावलं, तिघांच्या वाटा वेगळ्या. जिवनबाई बांगड्या विकायची, ती औंढ्याकडून गावोगाव फिरत यायची. उत्तमसिंग एसटीचा ड्रायव्हर, वसमतच्या बाजूनं यायचा. आणि लखमा बैलांचा दलाल, हिंगोलीच्या बाजारातून यायचा. तिघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. तिघांनी बाळापुरात विचारपूस केली, आणि तिघंही आपापल्या वाटेनं हट्ट्याला बातमी घेऊन गेले.

कमलबाईचं बजावणं फुकट गेलं, कारण या तिघांनी उकंडरावच्या घरात कुणाला विचारलंच नाही. फाट्यावर विचारलं, आणि फाट्यावर उकंडरावचे शब्द आधीच पाठ होते. शिवाय उत्तमसिंगला तर प्रत्यक्ष उकंडरावच भेटला. सवय ती. एसटीचा दरवाजा उघडला आणि याचं तोंड उघडलं.

हट्ट्याचा निरोप यायचा तो आला नाही. आठवडी बाजार झाला, दुसरा झाला. नरसिंगची सुट्टी संपत आली. कमलबाईनं उकंडरावशी बोलणं बंद केलं. भाकरी ताटात आपटायची, त्याच्या आवाजावरून त्यानं समजून घ्यायचं. निवडणुकीचे भोंगे गावभर ओरडत होते, आणि उकंडरावच्या घरात तेवढी शांतता. मी म्हणालो, "उकंडा, एकदा हट्ट्याला जा. सरळ सांग पोराबद्दल."

 तो वावराकडं बघत म्हणाला, "शेषा, मला म्हायाच लेकराचं चांगलं बोलता येत न्हाई. जीभ उचलतच न्हाई. मायनं उकिरड्यावरून उचललेला माणूस मी. बोललो आणि त्याला काही झालं तर?"

 

त्याच्या दुसऱ्या दिवशी वावरात हळद शिजायला घातली होती. मोठी लोखंडी कढई चुलवणावर, खाली कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ, वर हळदीचा पाला आणि ओली पोती. नरसिंग बाही सरसावून जाळ सारत होता. दिवस कलला होता, कढईपलीकडं खांबाला गॅसबत्ती नुकतीच पेटवून टांगली होती. तेवढ्यात बांधावरून व्यंकटराव येताना दिसले. एकटे. सोयरा न सांगता वावरात आला, याचा अर्थ एकतर होकार, नाहीतर तोंडावर नकार द्यायची माणुसकी.

उकंडराव उठून उभा राहिला आणि मी त्याचा हात दाबला. त्यानं तोंड मिटलं. त्याला तसं बघून मला त्याच्या लग्नाची आठवण झाली. तेव्हाही तो असाच घाबरला होता.

व्यंकटराव पोत्यावर टेकले. पाणी प्याले. म्हणाले, "मी सरळ माणूस हाय. तुमचं घर चांगलं, वावर चांगलं, पोरगं मला आवडलं, पोरीला त्याहून जास्त आवडलं. पण पोरगं करतं काय, ते त्या दिवशी म्हाया डोक्यावरून गेलं, आणि आजवर एकाबी माणसाला मला ते सांगता आलं न्हाई. आता पोरीच्या बापाला लोकांनी विचारलं, जावई काय करतो, तर मी काय सांगू? मला इथं, या कढईपाशी समजावून सांगा. कळलं तर बोलणी. न्हाई कळलं तर राम राम."

नरसिंग हातातली पऱ्हाटी तशीच धरून उभा. मग त्यानं कढईपलीकडच्या बत्तीकडं बोट केलं.

"ती बत्ती दिसते तुमाला?"

"दिसते की. मधी वाफ येते, तवा अंधुक होते."

"मी बत्ती बघत न्हाई. मी वाफ बघतो."

"वाफ काय बघायची? हातभर अंतरावर हाय."

"ही हाय. पण समजा अंधार पडला, वाफ दिसेना झाली, चुलवणबी विझलं. नुसती लांबची बत्ती दिसते. बत्ती जिथं मंद होईल, तिथं मधी वाफ हाय, हे तुमी इथं बसून सांगाल का न्हाई?"

"सांगन."

"तेच. आभाळातली वाफ कुणालाच दिसत न्हाई. पण मागं लांब दिवे हायत. त्या वाफेला एक ठरलेला रंग आवडतो, तेवढाच ती खाते. उजेडाच्या पट्टीत तेवढी काळी रेघ पडते."

व्यंकटराव थोडं पुढं सरकले. "थांबा. सगळी वाफ एकच रंग खाते, तर सगळ्या रेघा एकाच जागी पडतील. मंग कोणती जवळची, कोणती लांबची, हे कसं कळावं?"

मी नरसिंगकडं पाहिलं. त्याचा चेहरा बदलला. हैदराबादेत त्याला असा प्रश्न किती जणांनी विचारला असेल, कोण जाणे. त्यानं बैलगाडीला बांधलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी सोडली, हळदीच्या बोटानं तिच्यावर एक पिवळी खूण केली आणि ताणली. खूण लांबट झाली. ताण तसाच धरून शेजारी दुसरी खूण केली, आणि अजून ताणलं. पहिली खूण जास्त लांबली, दुसरी कमी.

"सारं विश्व असं ताणत चाललंय. उजेड वाटेत असताना उजेडबी ताणतो, लाल रंगाकडं सरकतो. लांबच्या ढगानं आधी चावा घेतला, तो जास्त ताणला. जवळच्यानं नंतर घेतला, तो कमी. म्हणून रेघ कुठं पडली त्याच्यावरून ढग किती लांब ते कळतं. एका दिव्यानं एकाच वाटेवरचे ढग कळतात. शेजारी दुसरा दिवा घेतला, तिसरा घेतला, की एकच ढग दोन वाटांना लागतो का, किती पसरलाय, हेबी कळायला लागतं. तसा नकाशा होतो."

व्यंकटराव त्या ट्यूबकडं बघत बसले. कढई गदगदत होती. मी मनात म्हणालो, झालं, याला काही कळलं नाही, राम राम आलाच. तर त्यांनी मांडीवर थाप मारली.

"हे तर मी करतो!"

"काय?"

"चौकशी! हीच हो चौकशी. मी तीन वाटांनी माणसं पाठवली. तुमच्या घराची बातमी म्हणजे ती बत्ती. जिवनबाई औंढ्याकडून आली, तिनं घर सांगितलं, सासू सांगितली, जातं सांगितलं. वावराचं एक अक्षर न्हाई. तिला वावराचं काय पडलंय? ते तिच्या वाटेवर खाल्लं गेलं. उत्तमसिंगनं वावर सांगितलं, विहीर सांगितली, सासू न्हाई. तेबी बराबर, ड्रायव्हरला सासूचं काय. लखमानं बैलांचे दात सांगितले, नवरदेवाचेबी सांगितले, बाकी काही न्हाई. म्हणजे कुणाच्या वाटेवर काय गळालं, ते मला समजलं. पण," इथं त्यांनी बोट वर केलं, "पोरगं काय करतं, हे तिघांच्याबी बातमीत न्हाई! जिवनबाई म्हणाली, झोपतं. उत्तमसिंग म्हणाला, रेघा मोजतं. लखमा म्हणाला, काहीच न्हाई. तीन वाटा, तीन तोंडं, आणि तिन्हीत एकच काळी रेघ. मंग तो ढग वाटेत न्हाई. कुठं हाय?"

नरसिंग हळूच म्हणाला, "दिव्यापाशीच."

"व्हय का न्हाई?"

"असं आमच्यातबी असतं. दिव्याच्या अंगालाच लागून ढग असतो. दिवा जेवढा लांब, तेवढ्याच लांबची रेघ पडते. ती रेघ दिसली, की समजायचं, घरचाच ढग हाय."

आणि सगळ्यांनी घरच्या ढगाकडं पाहिलं.

उकंडराव कढईच्या बाजूला, हातात पोत्याचं टोक धरून उभा होता. भाकरी घेऊन आलेली कमलबाई मघापासून बांधावर थांबली होती, ती पुढं आली. तिचं मौनव्रत त्या क्षणी सुटलं. "बोला आता! पोरगं जलमल्यापासून खाऊन राहिले तुमी त्याचा उजेड!"

"कमळे, सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोरच! फाट्यावर कुणासमोर बोलला होता?"

व्यंकटरावांनी हात वर करून तिला थांबवलं. उकंडरावला म्हणाले, "मला पोराचं काम कळलं. पोरानंच सांगितलं. आता बापाचं ऐकू द्या. ज्या घरात बाप पोराला काहीच समजत न्हाई, त्या घरात म्हायी पोरगी सून म्हणून आली तर तिला तरी काय किंमत राहील? तेवढंच मला पाहायचंय. एकदा सरळ सांगा. न्हाई जमलं तर मी उठतो."

आता इथं उकंडरावचा सगळा जन्म पणाला लागला होता असं मी म्हणत नाही; असं बोलायची माझी इच्छा असते, पण तो जन्म तसा उकिरड्यापासून पणालाच लागलेला होता. तो आधी आभाळाकडं बघत राहिला. मग कढईकडं. मग पोराकडं बघायचं टाळून बैलांकडं बघत बोलू लागला, जणू मरतुकड्याला सांगतोय.

"एकदा त्याच्या साहेबाला एक रेघ पाहिजे होती. ती सापडली असती तर साहेबाचं नाव झालं असतं. हे म्हणलं, साहेब, ही रेघ न्हाई, काचेवरचा ओरखडा हाय. साहेब म्हणला, रेघ म्हण. हे म्हणलं, न्हाई. त्याला दोन साल बढती दिली न्हाई. हे घरी आलं तवा माझ्यापाशी सांगून राहिलं होतं. मी म्हणलं, गाढवा, म्हणायची होती रेघ. पण रातभर मला झोप आली न्हाई, एवढी छाती भरून आली होती. जे दिसलं न्हाई त्याला दिसलं म्हणत न्हाई माझं पोरगं. आणि त्याला असा सुगावा लागलाय, की ते ढग वाटेल तसे विखुरलेले न्हाईत. जाळ्यासारखे, दोऱ्यासारखे असतील, मधी लई मोकळी जागा. कुणी पुरं पाहिलं न्हाई अजून. पाहिलं तर हे पाहील. आमच्या साऱ्या पिढीत याच्यासारखं..."

इथं त्याची जीभ अडली. मग त्यानं ती ओढून बाहेर काढली.

"...याच्यासारखं चांगलं कुणीच झालं न्हाई."

नरसिंगच्या हातातली ट्यूब सुटून फटकन त्याच्याच बोटांवर बसली. मला तर धक्काच बसला. ओरखडा, बढती, जाळं, मोकळी जागा, हे सगळं उकंडरावला ठाऊक होतं! आम्ही समजत होतो हा माणूस पोराचं बोलणं ऐकत नाही. हा एकही शब्द सोडत नव्हता. फक्त बाहेर जाऊ देत नव्हता.

पण झालं काय, ते शब्द तोंडातून निघाले आणि उकंडराव पांढरा पडला. "कमळे," तो म्हणाला, "दृष्ट काढ. लगेच काढ. मोठी काढ."

कमलबाईनं भाकरीच्या फडक्यातलं मीठ आणि मिरच्या काढल्या. भाकरीसोबत खायला आणलेल्या त्या मिरच्या, सगळ्याच्या सगळ्या. तिनं त्या नरसिंगवरून उतरल्या आणि चुलवणात टाकल्या. आमच्याकडं रीत अशी की मिरचीचा ठसका लागला नाही, तर समजायचं दृष्ट लागली होती. लागला, तर पोरगं ठीक आहे.

क्षणभर काहीच झालं नाही. उकंडरावनं डोळे मिटले.

आणि मग आला. असा ठसका आला की बैलांनी दावी ओढली. नरसिंग शिंकत बांधावर पळाला. मी खोकत खाली बसलो. व्यंकटराव उपरणं तोंडाला लावून डोळे पुसत होते, आणि कमलबाई खोकता खोकता हसत होती. सगळ्या धुरात गॅसबत्ती दिसेनाशी झाली. त्या धुरातून उकंडरावचा आवाज आला, एवढा खूष आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "लागली न्हाई! बघा, एवढं बोललो तरी लागली न्हाई!"

"पोरगी..." व्यंकटराव खोकले. "पोरगी दिली." पुन्हा खोकले. "पण आधी इथून बाहेर काढा मला!"

लग्न हट्ट्याला झालं. थाटात झालं, असं मी म्हणतो. उकंडरावला विचारलं असतं तर म्हणाला असता, मांडव गळका होता. वरातीत कुणी तरी नवरदेवाची तारीफ केली. उकंडरावनं सवयीनं तोंड कडू केलं आणि म्हणाला, "काही कामाचा न्हाई." मी घाबरून हट्टेकरांकडं पाहिलं. तर सगळे हट्टेकर खदाखदा हसले. व्यंकटरावांनी गावभर सांगून ठेवलं होतं, त्यांचे सोयरे कसे वाचायचे.

पाठवणीच्या वेळी व्यंकटराव उकंडरावपाशी आले. तोवर या माणसानं आपल्या शालूचं कौतुक ऐकवलं नाही असा वसमत तालुक्यात माणूस नव्हता. पोरीचा हात त्यांनी कमलबाईच्या हातात दिला. डोळ्यांत पाणी होतं, तरी चेहरा त्यांनी जमेल तेवढा कडू केला.

"उकंडराव, आमची पोरगी काही कामाची न्हाई बरं का," ते म्हणाले. "दगड हाय नुसता."

उकंडरावनं सुनेकडं पाहिलं, मान हलवली, आणि म्हणाला, "बराबर घरी आली मंग."